फाइल समोर दिसते, तरी कॉम्प्युटर म्हणतो 'सापडत नाही'! असं का होतं?

समजा, गोंदियाचा विमानतळ असलेल्या बिरसी गावातल्या धान उत्पादकांची माहिती एका फाइलमध्ये आहे. फाइलचं नाव 'बिरसी शेतकऱ्यांची यादी'. माउसने क्लिक केलं की ती लगेच उघडते. पण लिनक्सच्या कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करताना, हेच नाव अडचणीत आणतं.

मोकळी जागा

कमांड लाइनच्या दृष्टीने स्पेस आली की एक नाव संपलं. 'आरएम' ही फाइल पुसणारी कमांड आहे. तिच्यापुढे वरचं नाव तसंच टाइप केलं, तर ती 'बिरसी', 'शेतकऱ्यांची' आणि 'यादी' अशा तीन फाइल शोधते. त्याच फोल्डरमध्ये 'यादी' नावाची वेगळी फाइल असेल, तर ती पुसली जाते. इथे रिसायकल बिन नसतो. म्हणून पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहावं.

सुरुवातीचा डॅश

'-यादी' असं नाव असेल, तर कमांडला ती फाइल नव्हे, सूचना वाटते. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी: './-यादी'.

मराठीतला 'ऱ्य'

'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्स नावातला प्रत्येक बाइट जुळवून पाहतं. त्यामुळे नाव बरोबर लिहूनही फाइल सापडत नाही. एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब दिसणाऱ्या दोन फाइलही राहू शकतात!

लांबी

लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये नावाला 255 बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार 3 बाइट घेतो. म्हणजे मराठी नाव सुमारे 85 चिन्हांतच संपतं.

मग करायचं काय?

पूर्ण नाव हाताने टाइप करू नका. 'बिर' एवढं लिहून टॅब दाबा. त्या अक्षरांनी सुरू होणारी एकच फाइल असेल, तर उरलेलं नाव स्पेससकट अचूक भरलं जातं. पुसताना 'आरएम'नंतर '-आय' (इंग्रजीतला छोटा आय) जोडा. मग प्रत्येक फाइल पुसण्याआधी विचारणा होते. नवीन फाइलला नाव देताना स्पेसऐवजी अंडरस्कोर वापरला, तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.