गिअरबॉक्स गेला म्हणे!

गाडी स्टार्ट होते. लिव्हर 'डी'वर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरतं, पण गाडी जागची हलत नाही. खालून नुसता करकर आवाज. जमलेल्या चार डोक्यांपैकी तीन एकसुरात निकाल देतात, "गिअरबॉक्स गेला!" गाडी जुनी आणि महागडी असेल तर हा निकाल मालकाला चांगलाच महागात पडतो. आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

उदाहरण म्हणून बी.एम.डब्ल्यू. एक्स-फाइव्हची पहिली पिढी घेऊ. कंपनीच्या भाषेत ई-53, उत्पादन 1999 ते 2006. अशा गाड्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात, पण पार्ट्स मात्र नव्या गाडीच्या भावाने! म्हणून कुठला भाग गेलाय हे आधी नीट कळायला हवं.

त्यासाठी ताकदीचा रस्ता पाहू. इंजिनकडून टॉर्क कन्व्हर्टर, मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यामागे ट्रान्सफर केस. इथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे जातो, दुसरा पुढच्या. तिथून हाफ शाफ्टमार्गे चाकं. एवढ्या लांबच्या साखळीत कुठेही कडी तुटली, तरी ड्रायव्हरला जाणवतं ते एकच : गाडी ओढत नाही.

2003 पर्यंतच्या एक्स-फाइव्हमध्ये ट्रान्सफर केसच्या आत एपिसायक्लिक गिअर ट्रेन होती. होय, तीच, जिचं गणित आपण थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात ऑप्शनला टाकतो! ती टॉर्क वाटते पुढे 38 टक्के, मागे 62 टक्के. हे प्रमाण दात्यांच्या संख्येवर ठरलेलं, बदलत नाही. या गाडीचं एक ओळखीचं दुखणं म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये जिथे बसतो तिथले स्प्लाइन. ग्रीस वाळतं, गंज चढतो, दाते झिजत जातात आणि एक दिवस सपाट होतात. आता पुढच्या बाजूला विरोधच उरला नाही, म्हणजे टॉर्क शून्य. प्रमाण पक्कं असल्यामुळे मागचा टॉर्क शून्याच्या 62/38 पट, म्हणजे तोही जवळजवळ शून्य! मागचा शाफ्ट धडधाकट असूनही गाडी उभीच. बिचारा गिअरबॉक्स आपलं काम चोख करतोय, आणि शिव्या त्यालाच.

याची आणखी एक खूण आहे, आणि ती धोक्याची आहे. अशी गाडी 'पी'मध्ये टाकली तरी उतारावर घरंगळू शकते. 'पी'मधला खटका फक्त गिअरबॉक्सचा आउटपुट अडवतो. पुढचा फाटा मोकळा असला की एपिसायक्लिकमधून मागची चाकं खुशाल फिरतात. म्हणून गाडीखाली डोकावण्याआधी हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. यात हयगय नको.

2003 च्या अखेरीस एक्स-ड्राइव्ह आलं. डिफरन्शियल गेलं आणि त्या जागी मल्टिप्लेट क्लच आला. छोटी इलेक्ट्रिक मोटर हा क्लच कमी-जास्त दाबते आणि त्या प्रमाणात पुढच्या चाकांना टॉर्क मिळतो. या मोटरमधला एक गिअर प्लॅस्टिकचा आहे. त्याचे दाते झिजले की इंजिन बंद केल्यावर खालून टकटक ऐकू येते आणि डॅशबोर्डवर फोर-बाय-फोर, ए.बी.एस. वगैरेचे दिवे एकदम लागतात. दिवाळी पाहून मालकाला घाम फुटतो, पण बऱ्याचदा तो एक गिअर बदलून काम भागतं.

इथला छुपा शत्रू म्हणजे टायर. मागचे दोन टायर नवे घातले, पुढचे जुनेच ठेवले, असं समजा. 235/65 आर-17 या साइजच्या नव्या टायरचा व्यास साधारण 737 मि.मी. पुढच्या टायरची नक्षी 5 मि.मी. झिजलेली असेल तर त्याचा व्यास 727. एका किलोमीटरमध्ये मागचं चाक सुमारे 432 फेरे घेतं, पुढचं 438. फरक फक्त 6. पण 100 किलोमीटरला तो 600 होतो. डिफरन्शियलचं प्रमाण 4 धरलं तर दोन प्रोपेलर शाफ्टमध्ये 2,400 फेऱ्यांची तफावत. ही सगळी तफावत क्लचच्या प्लेट्स एकमेकींवर घासून सोसतात. उष्णता वाढते, ऑइल जळतं, प्लेट्स झिजतात. टायरमध्ये वाचवलेले पैसे ट्रान्सफर केस व्याजासकट वसूल करते. चारही टायर एकाच मेकचे आणि सारख्या झिजेचे हवेत ते यासाठी.

मग गिअरबॉक्स कधीच जात नाही का? जातो की! 2003 नंतरच्या व्ही-एट मॉडेल्समध्ये झेड.एफ. कंपनीचा सहा गिअरचा 6 एच.पी. 26 बसवला होता. गाडीच्या कंपनीने यातलं ऑइल 'लाइफटाइम' म्हणजे जन्मभराचं ठरवलं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेड.एफ. स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा 8 वर्षांनी ऑइल बदला असं सांगते. आता जन्म कोणाचा धरायचा, गाडीचा की वॉरंटीचा, हे ज्याचं त्याने ठरवावं! शिवाय वायरिंगच्या जोडाजवळच्या सीलमधून ऑइल झिरपतं, आणि लेव्हल बघायला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान 30 ते 50 अंशांच्या दरम्यान असताना फिलर प्लग उघडून लेव्हल बघावी लागते. ऑइल कमी झालं की गिअर उशिरा पडतो, धक्का बसतो, क्लच घसरतो. अशा वेळी नुसतं सील आणि ऑइल बदलून गाडी सुधारलेली असते आणि आपण मात्र अख्खा गिअरबॉक्स उतरवायला निघालेलो असतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी निकाल दिला तर आधी स्वस्तातल्या गोष्टी बघा : टायर, ऑइलची लेव्हल आणि गळती, फॉल्ट कोड, मग गाडी लिफ्टवर घेऊन शाफ्ट. गिअरबॉक्सवर हात टाकायचा तो सगळ्यात शेवटी. आणि हो, ते एपिसायक्लिकचं गणित यंदा ऑप्शनला टाकू नका. पेपरात नाही तर निदान गॅरेजमध्ये तरी मार्क मिळतील!