मीटरचा आकडा वाचता येतो का?

आमच्या पिंपळगाव राजाला (जि. बुलढाणा) ऊन मागावं लागत नाही! वैशाखात डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडवत नाही. पण हेच ऊन छपरावरच्या सौर पॅनेलवर पडलं, की त्याची वीज होते, बरं का!

समजा, दुपारी तुम्ही शाळेत, आई-बाबा शेतात. मग घरातली वीज वाया जाते? मुळीच नाही! ती तारेतून वीज कंपनीकडे जाते. रात्री दिवे लागले, की कंपनीची वीज आपल्याकडे येते. दिलेली किती, घेतलेली किती, हे दोन्ही मोजतं ते 'नेट मीटर'. बिल ठरतं ते या फरकावर.

पण मीटरच चुकलं तर? त्यासाठी केंद्र सरकारने २०२० साली वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. २०२४ साली त्यांत भर पडली. मीटरचा आकडा पटत नसेल, तर तक्रार करायची. मग पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरं मीटर बसवायचं आणि निदान तीन महिने वापर ताडून पाहायचा. शिवाय १० किलोवॅटपर्यंतच्या सौर संचाचा अर्ज तांत्रिक पाहणीसाठी अडवून ठेवता येत नाही.

मात्र आकडाच वाचता आला नाही, तर चूक कळणार कशी? १०० वॅटचा दिवा १० तास जळला, की एक युनिट होतं. आजपासून रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा वहीत लिहा. महिन्याने बिलाशी ताडून पाहा. फरक निघाला, तर बाबांना तक्रार करताना तुमचीच वही कामी येईल!