रोजचे काम आणि वेदीवरील अर्पण

पावसाळ्याच्या तोंडावर मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात मोठी गर्दी होते. बोंबील, जवळा, सोडे यांच्या राशी मांडून कोळी भगिनी तेथे बसलेल्या असतात. त्यांच्या कष्टांचा आरंभ मात्र किनाऱ्यावर झालेला असतो. ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीवर टांगायचे, उन्हात वाळवायचे, अवकाळी पावसापासून जपायचे! हातांचा वास दिवसभर जात नाही. अशा कामाचा आणि प्रार्थनेचा संबंध काय, असा प्रश्न एखाद्या भाविकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पवित्र मिस्सेतच सापडते. अर्पणविधीच्या वेळी आपण वेदीवर गहू नेत नाही, भाकर नेतो. द्राक्षे नेत नाही, द्राक्षारस नेतो. परमेश्वराच्या देणगीवर माणसाचे हात राबल्यावरच ती अर्पणयोग्य होते. म्हणून श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांची फारकत ही आपल्या काळातील गंभीर चूक आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली बजावले. प्रभू येशूनेही आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ नाझरेथ येथे सुताराच्या घरी घालविला. पोप पायस बारावे यांनी 1955 साली 1 मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून ठरविला, तो ह्याच जाणिवेतून.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. ‘कामात देव पाहा’ हा उपदेश पोटापुरती मजुरी न मिळणाऱ्याला करणे सोपे असते. ख्रिस्तसभेची शिकवण तेथे थांबत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ ह्या 1981 सालच्या परिपत्रकात स्पष्ट केले, की कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या व्यक्तीमुळे ठरते, तयार झालेल्या वस्तूमुळे नव्हे. भांडवलापेक्षा श्रमाला अग्रस्थान आहे, आणि न्याय्य वेतन ही समाजव्यवस्थेच्या न्यायाची कसोटी आहे. यंत्रावर बसलेला माणूस स्वतः यंत्र होऊ लागला, तर त्या कामाला धार्मिक मुलामा देऊन भागत नाही.

मरोळकरांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. त्यांच्या पूर्वजांचे, 1579 साली जेझुइट धर्मगुरूंनी कोंडिविटे येथे उभारलेले चर्च 1840 च्या सुमारास साथीमुळे ओस पडले व धर्मग्राम मरोळला आला. पुढे 1973 मध्ये त्या परिसरात ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले. आज त्या चर्चच्या पडक्या भिंती इलेक्ट्रॉनिक वस्तू व दागिने घडविणाऱ्या कारखान्यांच्या मधोमध उभ्या आहेत आणि पाळीवर येणारे कामगार नाना धर्मांचे आहेत. त्यांची मजुरी अडविली जाते, तेव्हा तिचा आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे मजुराचा धर्म विचारलेला नाही.