पितळेवर ठोकलेली नावं

जर्मनीतल्या कितीतरी शहरांत घरांच्या दारांपुढे, पदपथाच्या फरशीत पितळी पत्रा चढवलेले दहा सेंटिमीटरचे चौकोनी दगड बसवलेले दिसतात. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं आणि कुठे मारलं. एका माणसाला एक दगड. परदेशी पळून वाचलेल्या मुलाचा दगडसुद्धा आईबापांच्या दगडांशेजारीच येतो, कारण नाझींनी तोडलेलं कुटुंब निदान दारात तरी एकत्र यावं.

कल्पना गुंटर डेमनिग या कलावंताची. 1992 मध्ये कोलोनच्या नगरभवनापुढे पहिला दगड बसला, तो रोमा आणि सिंती लोकांच्या हद्दपारीची आठवण म्हणून. 1996 मध्ये बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागात त्यांनी परवानगी न घेताच दगड पुरले. मे 2023 मध्ये न्युरेंबर्गला लाखावा दगड बसला. बहुतेक नावं ज्यूंची आहेत.

मला मात्र खरं कुतूहल आहे ते मिखाएल फ्रीडरिक्स-फ्रीडलेंडर यांचं. 2005 पासून बर्लिनमध्ये हे शिल्पकार पोलादी ठसा पत्र्यावर धरून हातोडीने एकेक अक्षर उमटवताहेत. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसंच, फक्त इथे ज्याचं नाव त्याच्या घरात कुणी उरलेलं नसतं. यंत्राने हे काम झटपट होईल, दगडासाठी अर्ज करणाऱ्यांना ताटकळावंही लागणार नाही. पण कारखान्याच्या शिस्तीने माणसं मारली गेली, तेव्हा त्यांची नावं तरी हातानेच घडवायची, असा डेमनिग यांचा हट्ट. मला तो पटतो. चार वर्षांच्या पोरीचं जन्मसाल ठोकताना हात क्षणभर तरी थबकत असेल.

पितळ काळवंडतं. मग 9 नोव्हेंबरच्या, म्हणजे 1938 मधल्या ज्यूविरोधी हल्ल्यांच्या स्मरणदिनाच्या, सुमारास रहिवासी गुडघे टेकून ते घासतात. चोरही येतात: 2012 मध्ये ग्राइफ्सवाल्डचे दगड नेमके त्याच दिवसांत उखडले गेले.

आणि म्युनिक! तिथे 2004 मध्ये नगरपरिषदेने सार्वजनिक जागेत हे दगड नाकारले, 2015 मध्ये पुन्हा नाकारले. विरोधात आघाडीवर होत्या तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख, स्वतः त्या काळातून वाचलेल्या. मेलेल्यांची नावं पुन्हा बुटांखाली का तुडवायची, हा त्यांचा सवाल. समर्थक म्हणतात, वाचायला वाकावं लागतं, तोच नमस्कार. नातेवाइकांपैकी काहींना दगड हवेत, काहींना नकोत. दोन्हीकडे घरची माणसं गेलेली, त्यामुळे तिऱ्हाइताने निवाडा करणं उद्धटपणाचं वाटतं. म्युनिकने 2018 पासून आपली वेगळी वाट धरली: भिंतीवर किंवा खांबावर, डोळ्यांच्या उंचीवर नावाची पाटी. ज्यांना दगडच हवा, ते तिथे खासगी आवारात बसवतात.