पीएच मीटरचा काचेचा गोळा सुकवू नका

मंडळी, कोळंबीच्या तळ्यावर नेतो तो आपल्या संस्थेचा पीएच मीटर गेल्या आठवड्यात कुणीतरी टोपण न लावताच ठेवून दिला. सकाळी बघतो तर आकडा एका जागी थांबेना. असला आकडा खोटाच कमी दाखवायला लागला आणि त्यावर भरवसा ठेवून आपण चुना टाकला, तर पीएच आणखी चढतो. पीएच चढला की पाण्यात आहे तोच अमोनिया कोळंबीला जास्त विषारी होतो. म्हणजे मीटर चुकला तर माल जातो.

मीटरच्या टोकाला पातळ काचेचा गोळा असतो. आत ठरावीक पीएचचं द्रावण आणि चांदीची तार. गोळा ओला असला की काचेच्या वरच्या थरात पाणी मुरतं. तळ्याच्या पाण्यातले हायड्रोजन आयन त्या थरात ये-जा करतात. ते काचेतून आरपार जातात असं आम्हालाही वाटायचं, पण तसं नाही. आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात फरक असला की काचेच्या दोन बाजूंत विजेचा दाब तयार होतो. २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. मीटर मोजतो तो हा दाब. थर सुकला की आकडा भरकटतो.

टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण कायम ठेवा, डिस्टिल्ड पाणी नको. गोळा सुकलाच तर त्याच द्रावणात रात्रभर बुडवा. फडक्याने घासू नका, पाणी नुसतं टिपा. मोजण्याआधी ७ आणि १० च्या बफरवर जुळवून घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा मोजा. उन्हात शेवाळामुळे पीएच वर जातो.

बफरची पाकिटं संस्थेत आहेत, येऊन घेऊन जा.