साखळी करवत मंद गतीवर का टिकत नाही?

लाकूड कापण्याच्या इंजिनच्या साखळी करवतीस आपल्याकडे कोणी ‘वुड कटर’ म्हणतात, तर कोणी नुसते ‘कटर’ म्हणतात. जुन्या, उंच वाढलेल्या आंब्यांची छाटणी, बांधावरील बाभळी, मोडून पडलेल्या फांद्या या सर्व कामांस आता ते यंत्र लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर आडवे झालेले नारळ, सुपारी व आंबे कापून वाटा आणि बागा मोकळ्या करण्यास या यंत्राचाच आधार झाला. मात्र बागाइतदाराकडील यंत्र वर्षातून थोडेच दिवस चालते आणि उरलेले महिने पडवीत पडून राहते. त्यामुळे ते पुन्हा काढले म्हणजे एक तक्रार हमखास ऐकू येते : यंत्र सुरू होते, रेस दिली की चालते, पण बोट सैल सोडताच बंद पडते.

दुसरी तक्रार याच्या उलट असते. बोट काढले तरी साखळी फिरतच राहते. पहिल्या दोषाने वेळ जातो, दुसऱ्याने मांडीस वा पायास जखम होते. आणि पुष्कळदा पहिल्या दोषावर केलेल्या चुकीच्या उपायातूनच दुसरा दोष उत्पन्न होतो. म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावयास हवा.

मंद गती म्हणजे काय

यंत्रास रेस न देता ते आपल्याआप जितक्या वेगाने चालते तो त्याचा मंद वेग होय. मिस्त्री लोक त्यास ‘स्लो’ किंवा ‘आयडलिंग’ म्हणतात. साखळी करवतीत तो साधारणतः मिनिटास २,५०० ते ३,००० फेरे इतका असतो. पूर्ण रेस दिली असता हेच इंजिन मिनिटास १०,००० फेऱ्यांच्या वर जाते. इंजिन व साखळी यांच्यामध्ये क्लच असतो. त्यातील वजनदार तुकडे स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला घट्ट भिडतात व साखळी फिरू लागते. हे साधारण ३,५०० ते ४,००० फेऱ्यांच्या सुमारास घडते. याचा अर्थ असा की, मंद वेग व साखळी फिरण्याचा वेग यांत फार मोठे अंतर नाही. मंद वेगाचा स्क्रू अंदाजाने थोडा जास्त पिळला की ते अंतर संपते.

नेमके हेच पुष्कळ ठिकाणी होते. यंत्र बंद पडते म्हणून स्क्रू पिळला जातो, यंत्र टिकते, मालक संतुष्ट होतो. मुळात मात्र गाळणी चोंदलेली असते किंवा पेट्रोल नासलेले असते, आणि आता दोन फांद्यांमधून पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या हातात फिरती साखळी असते. सबब स्क्रूस हात सर्वात शेवटी लावावा.

प्रथम साधी तपासणी

यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे, प्लगची टोपी काढून ठेवावी आणि मगच झाकण उघडावे. हवेची गाळणी लाकडाच्या भुशाने व तेलाने माखलेली असेल तर हवा कमी व पेट्रोल जास्त जाते. जणू चोक अर्धा ओढून ठेवल्यासारखी स्थिती होते. पूर्ण रेसमध्ये यंत्र कसेबसे ओढते, पण मंद गतीवर गुदमरून धूर टाकीत बंद पडते. जाळीची गाळणी ब्रशने झाडून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी व पूर्ण वाळवूनच बसवावी. गाळणीशिवाय यंत्र ‘जरा चालवून पाहणे’ टाळावे, कारण आत गेलेला भुसा सिलिंडर खरवडतो.

प्लग पाहिल्याने पुष्कळ गोष्टी कळतात. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. काळे व ओलसर असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होत आहे. पांढरे पडले असेल तर हवा जास्त जात आहे, आणि ही गोष्ट गंभीर समजावी. टोकातील फट बहुतेक यंत्रांत ०.५ मिलिमीटर असते. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असल्यास तीही काजळीने बुजते. ती तारेच्या ब्रशने घासून घ्यावी.

इंधनाविषयी थोडे विस्ताराने

मंद गतीच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इंधनात सापडते, आणि अलीकडे हे विशेष खरे आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. साखळी करवतीच्या पुष्कळ पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. म्हणून आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते प्रथम पाहावे, पुस्तिका नसल्यास विक्रेत्यास विचारावे.

इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात किंवा टाकीत ही ओल वाढत जाते. एका मर्यादेपलीकडे पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतील शोषक नळीचे तोंडही तळाशीच असते. तेल पेट्रोलबरोबर वरच राहते, यंत्र मात्र खालचे पाणीदार मिश्रण ओढते. मग मंद गती डळमळते, आणि त्याहून वाईट म्हणजे सिलिंडरास तेल मिळत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. टाकीतील थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन, विस्तवापासून दूर, काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला किंवा इंधन गढूळ वाटले तर ते त्या यंत्रात मुळीच घालू नये. थर नसला तरी महिन्याहून जुने मिश्रण वापरणे शहाणपणाचे नाही. पेट्रोलमधील हलका, लवकर पेटणारा अंश तोवर उडून गेलेला असतो.

तेलाचे प्रमाणही मापूनच घालावे. चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक तेल असल्यास पुष्कळ यंत्रांस ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे प्रमाण सांगितलेले असते. साध्या तेलास २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर लागते. ‘एक झाकण जास्त बरे’ या समजुतीने प्लग काळा पडतो, जाळी बुजते व मंद गती बिघडते. कमी तेल घालणे तर यंत्राचा घातच होय. मिश्रण लागेल तेवढेच, डब्यात करून, हलवून मग टाकीत ओतावे.

टाकी, नळी आणि श्वासछिद्र

टाकीतील नळीच्या टोकास लहानशी गाळणी असते. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ती बाहेर ओढता येते. ती काळवंडली असल्यास बदलावी. नळीस चीर असल्यास पेट्रोलबरोबर हवेचे बुडबुडे जातात.

टाकीस हवा घेण्यासाठी एक श्वासछिद्र ठेवलेले असते. ते बुजले म्हणजे इंधन जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते. यंत्र दहा-पंधरा मिनिटे नीट चालते आणि मग मंद गतीवर मरते. अशा वेळी यंत्र थांबवून, थंड झाल्यावर टाकीचे झाकण सावकाश उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर यंत्र पुन्हा काही काळ ठीक चालले, तर दोष श्वासछिद्राचा आहे असे समजावे. उन्हात तापलेल्या टाकीतून हवा बाहेर पडण्याचा आवाज येतो, तो वेगळा. त्यावरून छिद्र बुजले असे ठरवू नये.

कार्ब्युरेटरच्या आत

मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा असतो. साखळी करवत आडवी-उलटी धरावी लागते, म्हणून तिच्यात गोळ्याऐवजी पातळ रबरी पडदे असतात. एक पडदा इंजिनच्या धडधडीने हलून पेट्रोल ओढतो, दुसरा सुईची झडप उघडझाप करून ते मापून सोडतो. मंद गतीचे पेट्रोल अतिशय बारीक छिद्रांतून येते. यंत्र टाकीत पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याचा चिकट राळेसारखा थर याच छिद्रांत प्रथम बसतो. पूर्ण रेसची वाट मोठी असल्याने ती मोकळी राहते. ‘रेस दिली की चालते’ याचे कारण पुष्कळदा हे असते.

पडदा नवा असताना मऊ व लवचिक असतो. जुना पडदा ताठ होऊन कागदासारखा वाजू लागतो. असे झाल्यास संपूर्ण कार्ब्युरेटर बदलण्याची घाई करू नये. पडदे व पॅकिंग यांचा संच वेगळा मिळतो. छिद्रे साफ करताना तार घालू नये, फवाऱ्याचे क्लीनर वापरावे. मात्र त्याची फुंकर पडद्यांवर बसू देऊ नये. हे काम पूर्वी न केलेल्या माणसाने पहिल्या वेळी मिस्त्रीजवळ बसून पाहावे.

हवेची चोरटी वाट

आता एक असा दोष, जो ओळखला न गेल्यास यंत्र कायमचे जाते. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोड फाटला, किंवा क्रँकच्या टोकांचे ऑइल सील झिजले, तर गाळणीस वळसा घालून हवा आत शिरते. मग बोट काढल्यावरही वेग लगेच उतरत नाही, तो वर-खाली होत राहतो, आणि यंत्र कुशीवर कलते केले की मंद गती बदलते. आज स्क्रू जुळवला तर उद्या पुन्हा बिघडतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, व पेट्रोलबरोबर तेलही कमी. अशा स्थितीत कापणी चालू ठेवल्यास पिस्टन सिलिंडरास चिकटतो. ही लक्षणे दिसताच यंत्र थांबवून दाब तपासणीचे साधन असलेल्या कारागिराकडे न्यावे. गळती शोधण्यासाठी चालत्या यंत्रावर पेट्रोल शिंपडण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ती आगीस आमंत्रण देणारी आहे.

स्क्रू जुळविणे

गाळणी स्वच्छ, इंधन ताजे व गळती नाही, अशी खात्री झाल्यावरच हे करावे. यंत्र चार-पाच मिनिटे चालवून गरम करावे, सपाट मोकळ्या जमिनीवर ठेवावे, साखळी कशासही लागत नाही आणि पट्टीच्या समोर कोणी उभे नाही हे पाहावे. साखळीचा ब्रेक सुरू करताना लावलेला असावा. जुळवताना तो सोडावा लागतो, कारण साखळी फिरते की नाही हेच पाहावयाचे असते.

बहुतेक यंत्रांवर तीन स्क्रू असतात : ‘एल’ खुणेचा मंद गतीच्या पेट्रोलचा, ‘एच’ खुणेचा भरधाव वेगाच्या पेट्रोलचा, आणि ‘टी’ किंवा ‘एलए’ खुणेचा मंद वेगाचा. काही यंत्रांवर शेवटचाच बाहेर दिसतो, आणि नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत पेट्रोलचे स्क्रू नसतातही. कोणताही स्क्रू हलविण्यापूर्वी तो पूर्ण बंद होण्यास किती वळसे लागतात ते हलक्या हाताने मोजून कागदावर लिहून ठेवावे. चुकल्यास परत मूळ जागी येता येते.

‘एल’ स्क्रू सावकाश दोन्ही बाजूंस फिरवून वेग सर्वात अधिक कोठे होतो ते शोधावे, व तेथून घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा सोडावा. यानंतर रेस देताना यंत्र अडखळले तर पेट्रोल कमी आहे, ‘एल’ किंचित उलट फिरवावा. मिनिटभर मंद चालून धूर टाकीत बंद पडले तर पेट्रोल जास्त आहे, तो किंचित सुलट फिरवावा. मग ‘टी’ स्क्रू घड्याळाच्या दिशेने, साखळी फिरू लागेपर्यंत पिळावा, आणि ती थांबेपर्यंत मागे घेऊन आणखी पाव वळसा सोडावा. ‘एच’ स्क्रूस वेगमापकाशिवाय हात लावू नये. तो जास्त पिळला गेल्यास यंत्र कानाला जोमदार वाटते आणि आतून जळते.

इतके करूनही, मंद वेग खाली असताना साखळी फिरतच असेल तर दोष कार्ब्युरेटरचा नाही. क्लचची स्प्रिंग ताणलेली किंवा तुटलेली असते, अथवा ड्रमखालील बेअरिंग कोरडे पडून अडकलेले असते. ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र झाडाखाली नेऊ नये. सुरू करतानाची गोष्ट निराळी आहे. चोक ओढून सुरू केल्यावर रेस काही क्षण अडकून राहते. ब्रेक सोडून रेसचा खटका एकदा दाबून सोडला म्हणजे ती उतरते. ब्रेक लावलेला असताना मात्र रेस देऊ नये, त्याने क्लच जळतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी बाटलीतील इंधनाची परीक्षा अवश्य करून दाखवावी. तळाशी साचलेला थर एकदा डोळ्यांनी पाहिला की अधिक सांगावे लागत नाही. तसेच हंगाम संपताना, पावसापूर्वी यंत्र ठेवून देतेवेळी, टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते मंद गतीवर चालू द्यावे. त्यामुळे पडदे एकमेकांस चिकटत नाहीत व बारीक छिद्रे मोकळी राहतात. काढलेले मिश्रण पुढील वर्षासाठी डब्यात साठवून ठेवू नये.