क्लाउडमधली डिस्क: मर्यादा कुठली, हमी कुठली?

पंगतीत यजमान सांगतो, 'कुणीही दोनपेक्षा जास्त जिलब्या घेऊ नयेत.' यावरून प्रत्येकाला दोन जिलब्या मिळतील असं सिद्ध होतं का? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा 'नाही' म्हणेल. पण आजच्या विषयात भलेभले लोक ही दोन विधानं एकच समजून बसतात, म्हणून तत्त्वज्ञानाच्या माणसानं इथे तोंड घालायचं धाडस केलं.

क्लाउड कंपनीकडे डिस्कचा मोठा साठा असतो. त्यातला एक तुकडा नेटवर्कवरून तुमच्या मशीनला जोडला जातो आणि मशीनला तो स्वतःचीच डिस्क वाटतो. याला व्हॉल्यूम म्हणतात. साठा सामाईक, वापरणारे शेकडो. एकानं रात्री बॅकअप सुरू केला की शेजाऱ्यांची कामं अडतात. म्हणून प्रत्येक व्हॉल्यूमला वेगाची मर्यादा घालतात.

मर्यादा दोन असतात, बरं का. सेकंदाला किती वेळा वाचायचं-लिहायचं, हा आयओपीएस. आणि सेकंदाला एकूण किती माहिती हलवायची, ही दुसरी. अॅमेझॉनच्या जीपी3 प्रकारच्या व्हॉल्यूमला मुळात 3000 आयओपीएस आणि 125 एमबी मिळतात. प्रत्येक विनंती 16 केबीची असेल तर 3000 विनंत्यांत जेमतेम 47 एमबी हलतात. म्हणजे आधी पहिली मर्यादा लागते. विनंती 256 केबीची असेल तर 500 विनंत्यांतच 125 एमबी संपतात. 'तीन हजार घेतलेत, मग पाचशेच का दिसतात?' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

मर्यादा ओलांडली की काय होतं? विनंती नाकारली जात नाही, तिला रांगेत उभं करतात. नाकारली असती तर निदान चूक दिसली असती! इथे प्रोसेसर मोकळा, मेमरी मोकळी, आणि तरी सगळं मंद.

आता एक प्रसंग कल्पून बघा. एका विद्यापीठाचा निकाल दुपारी एक वाजता लागणार आहे आणि डेटाबेस 100 जीबीच्या जीपी2 व्हॉल्यूमवर आहे. हा जीपी3 च्या आधीचा प्रकार. त्यात एका जीबीमागे 3 आयओपीएस, म्हणजे आपल्याला 300. पण शिल्लक खात्यातून काही काळ 3000 पर्यंत जाता येतं. खातं भरलेलं असेल तर त्यात 54 लाख विनंत्या असतात. सेकंदाला 3000 खर्च, 300 जमा, म्हणजे 2700 ची घट. खातं 2000 सेकंदांत, साधारण 33 मिनिटांत रिकामं. एक वाजून तेहेतीस मिनिटांनी, कुणीही काहीही न बदलता, वेग दहावा हिस्सा होतो. रांगेत सतत 150 विनंत्या असतील तर आधी प्रत्येकीला 0.05 सेकंद लागत होता, आता अर्धा. एक पान दाखवायला अशा वीस विनंत्या एकामागून एक लागत असतील तर दहा सेकंद. मुलं पुन्हा पुन्हा बटण दाबतात, रांग वाढते. प्रवेशाची मुदत असलेल्या मुलाला हे खातं कुठे दिसतं? व्यवस्थापकाला मात्र दिसतं. 'बर्स्ट बॅलन्स' नावाचा आकडा टक्क्यांत मिळतो. त्यावर इशारा लावून न ठेवणं याला मी हलगर्जीपणाच म्हणेन.

आता हमीकडे. साठ्याची ताकद एक लाख आयओपीएस आहे आणि शंभर व्हॉल्यूमना प्रत्येकी 3000 ची मर्यादा दिली, असं धरा. बेरीज तीन लाख! सगळे एकदम मागणार नाहीत या भरवशावर हे चालतं. यात लबाडी नाही, पण एक हजाराच्या वरचं जे काही मिळतं ते शेजाऱ्यांच्या झोपेवर मिळतं. मर्यादांची बेरीज ताकदीच्या आत ठेवली तरच मर्यादेला हमीचा अर्थ येतो. जीपी3 बद्दल अॅमेझॉनचं विधान नीट वाचा: ठरवलेल्या आयओपीएसच्या किमान 90 टक्के वेग, वर्षातल्या 99 टक्के वेळेत. उरलेला एक टक्का म्हणजे सुमारे 87 तास. ते निकालाच्या दिवशी येणार नाहीत असं कुठेही म्हटलेलं नाही.

स्वतःचा क्लाउड ओपनस्टॅकवर चालवणाऱ्यांसाठी थोडं. तिथे सिंडर हा भाग व्हॉल्यूम सांभाळतो. मर्यादा ठरवून ती व्हॉल्यूमच्या प्रकाराला जोडायची. ती दोन ठिकाणी पाळता येते: तुमचं मशीन जिथे चालतं त्या यजमान संगणकावर, किंवा खुद्द साठ्याच्या यंत्रात. पहिली सोपी आणि बहुतेक साठ्यांना चालणारी. पण जोडलेल्या व्हॉल्यूमसाठी आकडा नुसता बदलून भागत नाही. व्हॉल्यूम काढून पुन्हा जोडावा लागतो, तोवर जुनीच मर्यादा चालू राहते. हे ठाऊक नसलं की लोक आकडा वाढवत जातात आणि फरक पडत नाही म्हणून डिस्कला दोष देतात. आणखी एक: अॅमेझॉनकडे मशीनलाही डिस्ककडे जाणाऱ्या वाहतुकीची स्वतःची मर्यादा असते. लहान मशीनला मोठा व्हॉल्यूम जोडलात तर पैसे मोठ्याचे, वेग लहानाचा. तेव्हा वेग विकत घेण्याआधी मशीनचा तक्ता उघडून बघा.